परसदार : सगळेच बांडगूळ नव्हे

भगिनींनो, आज माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते. आमचे घर आजऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्याजवळ. पावसाळ्यात चार-चार दिवस धुके हलत नाही. परसात सासूबाईंच्या लग्नाआधीचा एक रायवळ आंबा आहे. तीन वर्षांपूर्वी माघात त्यावरचे बांडगूळ काढायला गडी लावला. "वर जे जे हिरवे चिकटलेय ते सगळे खरवडून टाक," असे मीच सांगितले. संध्याकाळी सासूबाई खाली पडलेला ढीग बघून म्हणाल्या, "अगं, ही तर सीतेची वेणी! दर मिरगाच्या आधी फुलायची. हिने झाडाचे काय खाल्ले होते?"

खरेच, काही खाल्ले नव्हते. बांडगूळ आपले मूळ फांदीच्या आत घुसवते आणि झाडाचा रस ओढते. म्हणून ते जिथे बसते तिथे फांदीला गाठ येते. ते काढायलाच हवे, आणि गाठीच्या खाली हातभर फांदीसकट काढावे. सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किड. तिची जाड, पांढुरकी मुळे सालीला फक्त बाहेरून धरून असतात. नखाने उचकटली तर सुटतात, फांदीला गाठ नसते. या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. ते पाऊस, धुके, दव टिपून घेते. ओले झाले की मूळ हिरवट दिसते, वाळले की चंदेरी.

आमच्या ढिगात आणखी एक गंमत सापडली. सालीच्या एका ढलपीवर सदऱ्याच्या बटणाएवढ्या चपट्या चकत्या चिकटलेल्या होत्या, जाळीदार सालपटात गुंडाळलेल्या. मला वाटले, किडीची अंडी. तीही आमरीच, शास्त्रज्ञ तिला पॉरपॅक्स म्हणतात. धुक्याच्या रानात अशा चिमुकल्या आमरी पुष्कळ. ओबेरोनियाची फुले तर इतकी बारीक, की भिंगाशिवाय त्यांचा आकार कळत नाही.

मला वाईट वाटले म्हणून सीतेची वेणी कुंडीत लावली. काळी माती, शेणखत, रोज तांब्याभर पाणी. पंधरवड्यात मुळे काळी पडली आणि रोप कुजले. बटणांची ढलपी मात्र गोठ्याच्या कुडावर विसरून राहिली. तिच्याकडे कुणी पाहिले नाही. पहिल्या पावसानंतर चकत्यांना कोंब फुटले आणि चकतीवरच टेकलेले इवलेसे तांबूस फूल आले. माझ्या काळजीने एक मेले, विसरण्याने दुसरे जगले!

तेव्हापासून मी जे करते ते असे. आमरीला माती नको. आपल्या बांधावरची फांदी वाऱ्याने मोडली आणि तिच्यावर आमरी असली, तर ती सालीसकट उचलावी. मिरगाच्या सुमारास, नवी मुळे फुटायच्या वेळी, आंब्याच्या किंवा फणसाच्या खरबरीत खोडावर काथ्याने बांधावी. पेरू किंवा निलगिरीवर बांधू नये, त्यांची साल सुटून पडते. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी बाजू निवडावी. शेवाळ खरवडू नये. पावसाळ्यात पाणी घालायचे नाही, फक्त रात्री बॅटरी घेऊन कोवळे कोंब खाणाऱ्या गोगलगायी वेचायच्या. उघडीप झाली की सकाळी नुसता शिडकावा करावा. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर पावसाचे साठवलेले वापरावे. बटणांची पाने हिवाळ्यात गळतात. मेली म्हणून फेकू नका, ती झोपलेली असतात. देशावरच्या कोरड्या उन्हात मात्र ही धुक्यातली पोरे रमत नाहीत. तिकडच्या भगिनींनी हट्ट धरू नये.

रानातून ओरबाडून आणायचा मोहही नको. आमरीच्या एका बोंडात धुळीसारखे असंख्य बी असते, पण त्याच्यात अन्नाचा साठा नसतो. ठराविक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि फुलायला पुढे वर्षे जातात. १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या जेलीवर, बुरशीवाचून बी रुजवून दाखवले. रोपवाटिकेतली रोपे त्या वाटेने तयार होऊ लागली. हौस असेल तर ती घ्यावीत. अभयारण्यातून तर परवान्याशिवाय काहीच उचलता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची तशी मनाई आहे.

गेल्या मिरगात बांधावरच्या पडलेल्या फांदीवरची एक सीतेची वेणी आंब्याला बांधली. मुळांनी साल धरली आहे, फूल अजून नाही. सासूबाई रोज सकाळी वर बघतात, मला काही बोलत नाहीत. तुम्ही मात्र यंदा झाडावर कोयता चढवण्याआधी फांदीला गाठ आहे का, तेवढे जरूर पाहा.