विकताना मराठी, बांधताना इंग्रजी

‘वर्गणी’ हा मराठीतला जुना आणि अब्रूदार शब्द आहे. नियतकालिकाची वर्गणी, ग्रंथालयाची वर्गणी, देवस्थानच्या उत्सवाची वर्गणी. या प्रत्येक व्यवहारात देणाऱ्याला आपण काय देतो, किती देतो आणि कशासाठी देतो हे ठाऊक असते. हातात पावती पडते. पुढच्या वर्षी द्यायची की नाही हे तोच ठरवतो. टपालाने व्ही.पी. आली तरी पोस्टमन दारात उभा राहून पैसे मागत असे, आणि ‘नको, परत न्या’ एवढे दोन शब्द उच्चारले की व्यवहार तिथेच संपत असे. आज या शब्दाची जागा ‘सबस्क्रिप्शन’ने घेतली आहे. शब्द बदलला तसा व्यवहारही उलटा झाला. पूर्वी गप्प राहणे म्हणजे नकार होता. आता गप्प राहणे म्हणजे होकार धरला जातो.

पेडणे, डिचोली, सत्तरी, दोडामार्ग, सावंतवाडी या पट्ट्यातील घराघरांत हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. मोबाइलवर जाहिरात येते: भजने ऐका, नाटके पाहा, राशिभविष्य जाणून घ्या, मुलांचा अभ्यास करून घ्या, सात दिवस मोफत. मोफत असूनही कार्डाचा क्रमांक मागितला जातो, किंवा एक रुपयाच्या निमित्ताने यूपीआयची परवानगी घेतली जाते. आठव्या दिवसापासून दरमहा पैसे कापले जाऊ लागतात. गृहस्थ रागाने ते अ‍ॅप काढून टाकतो आणि सुटलो असे समजतो. परंतु अ‍ॅप काढल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. पैसे कापण्याची परवानगी बँकेकडे किंवा अ‍ॅप-दुकानाच्या खात्यात जिवंतच राहते. त्या आधीची पिढी कॉलर ट्यूनने नागवली गेली. तेव्हा एक कळ दाबली जाई आणि रिचार्जमधली शिल्लक दर महिन्याला झिजत जाई.

या फसगतीची चर्चा होते तेव्हा ‘लोक नीट वाचत नाहीत’ असे म्हणून ती संपवली जाते. माझा प्रश्न असा की, वाचायचे ते कोणत्या भाषेत लिहिले होते? जाहिरात मराठीत असते, जाहिरातीतला आवाज मराठी असतो, गाणे मराठी, कलाकार मराठी. परंतु बोट जिथे टेकवायचे ती ओळ, त्या ओळीखालची बारीक अक्षरे आणि त्या अक्षरांमागची पानेच्या पाने अटी बहुधा इंग्रजीत असतात. विकताना मराठी चालते, बांधून घेताना इंग्रजी लागते. हा निष्काळजीपणा आहे असे मानायला मी तयार नाही. ज्याला ग्राहकाची भाषा जाहिरातीपुरती येते, त्याला ती करारापुरतीही येऊ शकते.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या तेराव्या कलमात संमतीची व्याख्या दिली आहे: दोन व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा संमती झाली. दीडशे वर्षांपूर्वीच्या या व्याख्येत ‘एकाच अर्थाने’ हे शब्द फार मोलाचे आहेत. कंपनीच्या मनात ‘आठव्या दिवसापासून दरमहा वसुली’ आणि ग्राहकाच्या मनात ‘सात दिवस फुकट’ असेल, तर तिथे एकच अर्थ कुठे आहे? बोट टेकले, एवढेच खरे.

नव्या काबिजातींच्या मुलखाला तर हे दुखणे अपरिचित नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेडणे, डिचोली व सत्तरी पोर्तुगीज अमलाखाली गेली आणि १९६१च्या डिसेंबरापर्यंत राज्याची भाषा पोर्तुगीज राहिली. घरात, देवळात, पत्रव्यवहारात मराठी वावरत होती आणि कचेरीतला कागद लिस्बनच्या भाषेत लिहिला जात होता. ज्या कागदाने आपली जमीन, आपला वारसा, आपले कर्ज ठरायचे तो सामान्य माणसाला वाचता येत नसे. कुणी वाचून दाखवील त्यावर विसंबून अंगठा उमटत असे. आज अंगठा शाईत बुडवावा लागत नाही, काचेवर टेकवला की पुरते. अंगठा आणि कागद यांच्यामधली परकी भाषा मात्र तशीच आहे.

नियम नाहीत असे नाही. मोबाइलवरील मूल्यवर्धित सेवांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ साली दुहेरी संमती बंधनकारक केली आणि सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा एकच निःशुल्क क्रमांक ठरवून दिला. रिझर्व्ह बँकेने आवर्ती वसुलीसाठी घातलेले नियम १ ऑक्टोबर २०२१पासून काटेकोरपणे लागू झाले. त्यांनुसार परवानगी नोंदवताना अधिकची पडताळणी हवी, प्रत्येक वसुलीच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना हवी, आणि ती वसुली थांबवण्याची सोय हवी. ही सूचना ग्राहकाला समजेल अशा स्वरूपात असावी, असेही रिझर्व्ह बँकेने म्हटले आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा फसव्या रचनांची यादीच अधिसूचित केली. तीत सबस्क्रिप्शनचा सापळा आहे, आणि दुहेरी नकार किंवा संदिग्ध शब्द वापरून विचारलेला फसवा प्रश्नही आहे. म्हणजे भाषा हे फसवणुकीचे हत्यार असू शकते, हे सरकारने मान्य केले. मग ग्राहकाला न येणारी भाषा हे त्याच जातीचे, किंबहुना त्याहून धारदार हत्यार आहे, हे मान्य करायला अडचण कोणती?

उत्तर कायद्यातच सापडते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माणसाची माहिती वापरण्यासाठी घ्यायची संमती स्पष्ट व सोप्या भाषेत मागावी आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, असे सांगितले आहे. माझे नाव आणि पत्ता वापरायचा तर माझ्या भाषेत विचारा. माझे पैसे दरमहा कापायचे तर मात्र कोणत्याही भाषेत विचारा! माहितीला जो मान मिळाला, तो घामाच्या पैशाला का मिळू नये?

इथे सीमेचा एक विनोद सांगण्याजोगा आहे. दूरसंचाराच्या नकाशावर महाराष्ट्र आणि गोवा हे एकच परिमंडळ आहे. तेरेखोल ओलांडली, पत्रादेवी ओलांडली, तरी कंपनीच्या दृष्टीने ग्राहक त्याच मंडळातला. वसुलीला सीमा नाही. भाषेचा प्रश्न निघाला की मात्र सीमा आठवते: गोव्यात मराठी कशाला? त्यांना १९८७चा राजभाषा कायदा दाखवावा. देवनागरी लिपीतील कोंकणी ही गोव्याची राजभाषा आहे, आणि त्याच कायद्याने शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापरालाही स्थान दिले आहे. कोंकणीला दूर सारून मराठी आणा, अशी ही मागणी नाही. दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीत आहेत. दोन्हींत अटी द्या. ज्याला जी वाचता येते ती त्याने निवडावी. लुबाडणारा दोघांनाही सारखाच लुबाडतो, तेव्हा या बाबतीत दोघांनी एकमेकांशी भांडण्याचे काहीच कारण नाही.

‘इंग्रजी शिका म्हणजे फसणार नाही’ हा दुसरा उपदेश. इंग्रजी हीच ज्यांची घरची भाषा, त्या अमेरिकेत काय घडले? ग्राहकांना त्यांच्या स्पष्ट संमतीवाचून प्राइम सदस्यत्वात ओढल्याचा आणि बाहेर पडणे मुद्दाम अवघड केल्याचा आरोप ठेवून तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने अ‍ॅमेझॉनवर २०२३ साली खटला भरला. सदस्यत्व रद्द करण्याच्या लांबलचक वाटेला कंपनीत ‘इलियड’ या महाकाव्याचे नाव दिले होते, असे आयोगाने न्यायालयात मांडले. सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीने दोष मान्य न करता अडीच अब्ज डॉलरांची तडजोड केली. जिथे मातृभाषेत वाचणाऱ्यांचीही ही गत, तिथे परक्या भाषेत बोट टेकवणाऱ्याला ‘नीट वाच’ म्हणून सांगणे ही थट्टा आहे. मराठी आली की सापळे नाहीसे होतील, असा माझा भाबडा समज नाही. सापळा दिसण्याची ती पहिली अट आहे, इतकेच.

आणि मराठी म्हणजे कसलीही मराठी नव्हे. यंत्राने हिंदीवरून उतरवलेली ‘सदस्यता’ आम्हाला नको. ‘निःशुल्क चाचणी’ म्हटले की डिचोलीच्या आजीला रक्ताची चाचणी आठवते. हवे आहे ते एवढेच: ‘आज पैसे लागणार नाहीत. अमुक तारखेपासून दरमहा इतके रुपये तुमच्या खात्यातून आपोआप कापले जातील. नको असल्यास येथे दाबा.’ तीन वाक्ये. ती लिहायला पंडित लागत नाही, फक्त सांगण्याची इच्छा लागते.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. अ‍ॅप काढण्याआधी अ‍ॅप-दुकानातील सबस्क्रिप्शनची यादी उघडून ते रद्द करावे. यूपीआय अ‍ॅपमधील ऑटोपेची यादी पाहून नको ती परवानगी मोडावी. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवरही हे करून द्यावे. पैसे गेलेच असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी, आणि ती मराठीतच करावी. तिथे सतरा भाषांत ऐकून घेतले जाते व त्यांत मराठी आहे. तक्रारीत रकमेबरोबर आणखी एक वाक्य न विसरता घालावे: ‘अटी मला माझ्या भाषेत दाखवल्या नव्हत्या.’ हे वाक्य पेडण्यातून, डिचोलीतून, सावंतवाडीतून, बेळगावातून पुन्हा पुन्हा गेले, तर ते कुठल्या तरी नियमात उतरवणे भाग पडेल. गाऱ्हाणे आमच्या भाषेत ऐकण्याची सोय सरकारने केली आहे. गाऱ्हाण्याची वेळ येण्याआधीचा प्रश्नही याच भाषेत विचारला जावा, एवढेच आमचे मागणे आहे.