आठांची पंगत

माणसाला कशाचा नाद लागेल याचा नेम नाही. कुणी टपालाची तिकिटे जमवतो, कुणी कबुतरे उडवतो, कुणी नाटक कंपनीपायी राहते घर गहाण टाकतो. आमच्या उपनगरांत, अंधेरीपासून मुलुंडपर्यंत, एक लहानसा पंथ असा आहे की सत्तर-ऐंशी वर्षांची मोटार पुन्हा चालू करून पाहिल्याखेरीज त्याला अन्न गोड लागत नाही. त्यातले जे खरे कट्टर, ते चार-सहा सिलिंडरांच्या इंजिनाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना हवे असते एका ओळीत आठ सिलिंडर बसवलेले लांबलचक इंजिन, म्हणजे ज्याला जाणकार ‘स्ट्रेट एट’ म्हणतात ते.

हे इंजिन म्हणजे आठ पानांची पंगतच समजा. पण वाढपी मोठा चमत्कारिक! पहिल्या पानावर वाढले की तो एकदम सहाव्यावर उडी घेतो. मग दुसरे, पाचवे, आठवे, तिसरे, सातवे आणि सर्वांत शेवटी चौथे. ब्यूक आणि पॅकार्ड या गाड्यांत पेट्रोलच्या स्फोटांचा क्रम हाच असे. या धावपळीमुळे शाफ्टला दर पाव फेऱ्याला एक धक्का मिळतो आणि धक्क्यांची ओढाताण आपसांत फिटते. नीट जुळवलेल्या इंजिनावर, ते चालू असताना, रुपयाचे नाणे कडेवर उभे राहते. ही हौशी मंडळी पाहुण्यांना चहाच्या आधी हा प्रयोग दाखवतात!

लांबी हा मात्र या इंजिनाचा जन्माचा रोग. कार्ब्युरेटर मध्ये आणि सिलिंडर दूरवर, त्यामुळे पंगतीच्या टोकाला बसलेल्याला जसा भात गार मिळतो तसे टोकाच्या सिलिंडरांचे हाल होतात. शिवाय लांब शाफ्टला प्रत्येक धक्क्यासरशी पीळ पडतो, आणि ठरावीक वेगाला हे पीळ एकात एक मिसळले तर पोलादसुद्धा तडकते. म्हणून शाफ्टच्या पुढच्या टोकाला हा पीळ गिळणारे एक चाक बसवतात. मर्सिडीज कंपनीने १९५४ साली शर्यतीसाठी जी गाडी काढली, तिच्यात तर तोड अशी की शक्ती शाफ्टच्या टोकाकडून न घेता बरोबर मधूनच घ्यायची. म्हणजे आठांच्या जागी चार-चारांच्या दोन छोट्या पंगती! हुआन मॅन्युएल फॅन्जिओ त्याच गाडीच्या जोरावर १९५४ आणि १९५५ साली जगज्जेता ठरला. त्याआधी १९५० साली जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा पहिली दोन्ही वर्षे आल्फा रोमिओच्या आठ सिलिंडरी इंजिनानेच मारली होती. पुढे इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात बसवलेली आठ सिलिंडरे आखूड, मजबूत आणि स्वस्त पडू लागली. ब्यूकने १९३१ साली धरलेली ओळ १९५३ नंतर सोडली, आणि पाहता पाहता पंगत उठली.

आपल्याकडे हे वेड संस्थानिकांनी आणले. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी तिसाव्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून अंग चढवून घेतले. जवळजवळ सात लिटरचे इंजिन आणि ३२० घोड्यांचे बळ! मुंबईत जे. आर. डी. टाटांची बुगाटी प्रसिद्ध होती. गाडी बेफाम हाकल्याबद्दल खटला झाला, तो लढवायला जॅक विकाजी वकील गाठले, त्यांच्याकडे त्यांची पुतणी थेल्मा भेटली, आणि १९३० साली लग्न! वेगाने गाडी हाकून इतका फायदा झालेला दुसरा गृहस्थ आमच्या ऐकिवात नाही. जुहूच्या विमानपट्टीवर एके काळी मोटारींच्या शर्यतीही होत. इंग्लंडात प्रेस्कॉटच्या चढणीवर जुन्या बुगाट्या आजही घड्याळ लावून पळवतात. आमच्या मंडळींच्या वाट्याला रॅली येते. तिथे गाडी धावत नाही, मिरवते.

पण खरी शर्यत रस्त्यावर नव्हे, गॅरेजात चालते. घाटकोपरला एका गाळ्यात आम्ही असे इंजिन उघडलेले पाहिले. त्या काळच्या पुष्कळ इंजिनांत आजच्यासारखी तयार बेअरिंगे नसत. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा रस करून तो जागेवरच ओतायचा. मिस्त्री लोक त्याला ‘व्हाइट मेटल’ म्हणतात. ब्यूकच्या शाफ्टला मुख्य बेअरिंगे पाच, पॅकार्डच्या मोठ्या इंजिनांना नऊ, आणि ती सगळी एका सरळ रेषेत यायला हवीत. रस थंड झाला की लेथवर भोक कापायचे, मग शाफ्टला निळा रंग लावून तो फिरवून पाहायचा. जिथे रंग उमटला तिथे उंचवटा. तेवढाच पातीने खरवडायचा आणि पुन्हा रंग. हे दिवस-दिवस चालते. घाई केली तर दोनशे मैलांत बेअरिंग वितळते आणि सगळे मुसळ केरात.

हे काम करणारे मिस्त्री सत्तरीच्या पुढचे, कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात उमेदवारी केलेले. शाफ्ट हाताने फिरवताना ते डोळे मिटून घेत.

‘‘मिस्त्री, तुमच्या हाताखाली कोण शिकतंय?’’ आम्ही विचारले.

‘‘एक पोरगा आला होता, सहा महिने राहिला,’’ ते म्हणाले. ‘‘आता मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. पंख्याखाली काम, हात काळे होत नाहीत. त्याचं काय चुकलं, साहेब?’’

आम्ही गप्प बसलो. मालक मात्र तिकडे दिव्यांना निकेलचा मुलामा कुठून करून आणावा या विवंचनेत होते. मुलाम्याला हे गृहस्थ मागतील तेवढे पैसे मोजतात आणि बेअरिंगाच्या मजुरीत घासाघीस करतात, हे आम्हांला मुळीच पसंत नाही. चोरबाजारात जुना कार्ब्युरेटर मिळेल, तांब्याचा पत्रा कापून गॅस्केट होईल, पिस्टन नवे ओतून घेता येतील. परंतु तो डोळे मिटून फिरणारा हात कुठल्या भंगारवाल्याकडे मिळतो? निदान एका मुलाला वर्षभर पगार देऊन त्या हाताखाली बसवावे, एवढे तरी या श्रीमंत छंदाला परवडायला हरकत नव्हती. मालकांना आम्ही तसे सुचवलेही. ‘‘पाहू,’’ असे ते म्हणाले.

आता इतर संकटे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात शंभरात वीस भागांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते आणि जुन्या गाड्यांतील रबर, बूच यांना सोसत नाही, म्हणून पंपाची आणि कार्ब्युरेटरची आतडी बदलावी लागतात. २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे, अशा कामांसाठी तेवढी गाडी रस्त्यावर काढता येते.

यातले शेवटचे कलम आमच्या ओळखीच्या अंधेरीकर गृहस्थांना फार आवडले आहे. रविवारी पहाटे, रस्ते मोकळे असताना, ते आपली ब्यूक घेऊन पेट्रोल भरायला बोरिवलीला जातात.