आधी गिट शिका, मग दुसरी भाषा

सॉफ्टवेअरचा कोर्स करून नोकरीच्या शोधात निघालेले अनेक तरुण आम्हाला भेटतात. दोन-तीन संगणक भाषा येतात. पण केलेल्या कामाची नोंद कशी ठेवता, असे विचारले की गप्प होतात. 'फायनल', 'नवीन फायनल' अशा फोल्डरांवर त्यांचा कारभार चालतो. चौघांनी मिळून करायच्या कामात तो टिकत नाही.

गिट ही अशा कामाची रोजकीर्द आहे. कोणी, केव्हा, काय आणि का बदलले, हे तीत राहते. सबव्हर्जनसारख्या जुन्या पद्धतीत संपूर्ण वही एकाच मुख्य संगणकावर असते. गिटमध्ये प्रत्येकाजवळ पूर्ण प्रत असते. इंटरनेट बंद पडले तरी नोंद थांबत नाही.

२००५ साली लिनक्सच्या कामासाठी मिळालेली बिटकीपरच्या मोफत वापराची परवानगी काढून घेतली गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. उसन्या तराजूवर धंदा चालत नाही, हाच त्यातला धडा. गिट मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे.

ते शिकायला महागडा क्लास नको. रोजचे काम छोट्या छोट्या कमिटमध्ये नोंदवा. दोघांनी मुद्दाम एकच ओळ वेगवेगळी बदलावी आणि मर्ज करताना होणारा तंटा सोडवावा. संध्याकाळी पुश करायला मात्र विसरू नका. नाहीतर संगणक बिघडला की दिवसाची नोंदही गेली.

क्लासचालकांनीही प्रमाणपत्र देण्याआधी विद्यार्थ्याची ही वही तपासावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.