पेटी कोणी करायची?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संस्थेचा निरोप आला तेव्हा आम्हा जोगेश्वरीच्या माजी विद्यार्थ्यांमध्ये विषयावरून वाद झाला नाही. शाळेच्या सभागृहासाठी नवी ध्वनियंत्रणा घ्यायची आहे आणि तिच्यासाठी देणगी जमवायची आहे, हे आम्हांस ठाऊक होते. देणगी आम्ही देऊच. परंतु त्या यंत्रणेतील निदान एक ॲम्प्लिफायर मुलामुलींनी स्वतःच्या हातांनी, पेटीसकट बांधावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘पेटीसकट’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. ज्याला त्याला सर्किटचे कौतुक असते. पत्र्याचे काम मात्र ‘करून घ्यायचे’ असते. आमचाही समज तसाच होता.

दहावीनंतरच्या सुट्टीत आम्ही पहिला ॲम्प्लिफायर बांधला. जोगेश्वरीहून धीम्या लोकलने ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधत हिंडायचे. (त्या रस्त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन कितीतरी काळ लोटला. पण सोल्डरची गुंडाळी हवी असलेला माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो.) टीडीए २०३० ही पाच पायांची आयसी दोन नग, १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, फिल्टरचे मोठे कपॅसिटर. या ट्रान्सफॉर्मरवर शून्याच्या दोन्ही अंगांना सुमारे १६ व्होल्ट मिळतात आणि आठ ओहमच्या स्पीकरवर प्रत्येक बाजूस साधारण दहा वॅट निघतात. सर्किट एका संध्याकाळी जोडून झाले. पेटीने मात्र तीन आठवडे घेतले.

भंगारातून १६ गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणला. त्यावर रेघा मारल्या, पंचने खुणा केल्या, ड्रिलने भोके पाडली, कानशीने कडा घासल्या. पत्रा वाकवताना कोपऱ्यात किती मिलिमीटर ‘खाल्ला’ जातो, हे गणिताच्या तासाला कोणी सांगितले नव्हते. व्हॉल्यूमच्या बटणाचे भोक तिरके पडले ते पडलेच.

चालू करताच फ्यूज उडाला. या आयसीच्या पाठीवरची धातूची पट्टी आतून ऋण व्होल्टेजच्या पायाला जोडलेली असते. आम्ही ती थेट पेटीवर स्क्रूने आवळली होती आणि पेटी तर शून्याला जोडलेली. मध्ये अभ्रकाची पातळ चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकची बुशी हवी, हे पुस्तकात होते. आम्ही फक्त सर्किटचे पान वाचले होते. चकती घातल्यावर आवाज आला, पण त्याच्यामागे अखंड घरघर. ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या वायरीला खेटून बसवला होता. तो दुसऱ्या टोकाला नेला, सगळ्या शून्याच्या तारा एकाच बिंदूवर आणून बांधल्या, तेव्हा ती थांबली. तिसरी चूक सांगायला आजही लाज वाटते. आम्ही दोन पिनांचा प्लग लावला होता. पेटीला हात लावला की झिणझिण्या येत, आणि आम्ही हसत होतो. ट्रान्सफॉर्मरचे आवरण एखाद्या दिवशी आतून फाटले असते तर हसायला कोणी उरले नसते. तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची तार पेटीला नट-बोल्टने पक्की आवळलेली आणि योग्य फ्यूज, एवढ्यावर माणसाचा जीव राहतो. हे तिन्ही पेटीचे काम आहे.

आता पालकांच्या मनातील प्रश्नाकडे येतो; तो प्रश्न आम्ही आमच्या घरांतही ऐकला आहे. ‘आमच्या बापजाद्यांनी हातांनीच कामे केली. मुलांना वसतिगृहात ठेवले ते लेखणी हाती यावी म्हणून. तुम्ही पुन्हा कानस-हातोडी देता?’ हा आक्षेप पोकळ नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर काम लादले गेले, त्यांना श्रमाचे गोडवे ऐकवणे सोपे असते आणि ते बहुधा दुसऱ्यांनीच ऐकवलेले असतात. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले की, जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. आमच्या मते सर्किट एकाने जोडायचे आणि पेटी दुसऱ्याने करायची, पहिला साहेब आणि दुसरा कारागीर, ही त्याच विभागणीची आजची आवृत्ती आहे. हीटसिंक किती मोठा हवा याचा हिशेब करणारी मुलगीच जेव्हा तो पत्र्यावर बसवते, तेव्हा ती कोणाचाही वारसाहक्काचा धंदा करत नसते.

बाजारात तयार यंत्र स्वस्तात मिळते, हे खरे. १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात विल्यमसन यांनी आपला आराखडा छापला, तेव्हाही दुकाने होतीच. तरी देशोदेशीच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. बांधणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळते, जी विकत घेणाऱ्याला सहसा कळत नाही. वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. आमच्या वस्तीतील जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी भिंतीएवढे स्पीकर येतात, छातीत धडधड होते, आणि वामनदादा कर्डकांच्या गीतातील शब्द मात्र ऐकू येत नाहीत. ज्या शाहिराने शब्दांतून चळवळ खेडोपाडी नेली, त्याचे शब्दच बुडवायचे? रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांतच आहे. शाळेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर तर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सभागृहात मागच्या बाकावरच्या मुलाला प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू यावे, एवढ्यासाठी वॅट थोडे आणि स्पीकर चांगले व नीट जागी बसवलेले हवेत.

संस्थेकडे आमचे मागणे मोठे नाही. रविवारी दोन तास एक खोली, एक भक्कम टेबल, एक शिकंजा. २३० व्होल्टची जोडणी शिक्षकांच्या किंवा आमच्यापैकी एकाच्या देखरेखीखालीच होईल. बाकीचे सगळे मुले करतील. पत्रा, ट्रान्सफॉर्मर आणि अभ्रकाच्या चकत्या आम्ही आणू. आमचा जुना ॲम्प्लिफायरही सोबत आणू, तो अजून वाजतो. तिरके भोक तसेच आहे. मुलांनी ते आधी पाहावे आणि मग पंच हातात घ्यावा.