तासाभराचें उड्डाण आणि आमचे रसिक

यूएफओ या इंग्रज वाद्यवृंदाची 'फ्लाइंग' ही ध्वनिमुद्रिका म्हणजे निव्वळ कंटाळा, असा निकाल गुलमंडीवरील आमच्या कांहीं रसिक स्नेह्यांनीं देऊन टाकला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं.

१९७१ सालीं निघालेल्या या ध्वनिमुद्रिकेनें 'तासाभराचें अंतराळ-रॉक' असें बिरुद स्वतःच मिरविलें आहे. रचना अवघ्या पांच. त्यांतील शेवटची एकटीच सव्वीस मिनिटांहून अधिक चालते. बास आणि ढोल ठेका धरून राहतात, व मिक बोल्टनची गिटार त्यावर मनसोक्त भ्रमण करते.

आक्षेपकांचा मापदंड मात्र उसना आहे. १९७३ सालीं मायकेल शेंकर हा जर्मन गिटारवादक या वृंदांत आला. १९७४ च्या 'फिनॉमेनन'पासून गाणीं आटोपशीर झालीं आणि 'हार्ड रॉक' म्हणून कीर्ति पसरली. त्या पुढच्या कीर्तीच्या गजानें हे आधींचें उड्डाण मोजणें हा कोठला न्याय?

बोल्टनचें वादन ठिकठिकाणीं पुनरुक्तींत अडकतें, हें आम्ही मोकळेपणीं कबूल करतों. परंतु विलंबित ख्यालाच्या बढतीसाठीं अर्धा तास आनंदानें देणाऱ्या श्रोत्यानें येथें पांचव्या मिनिटालाच उठावें, आणि वर मत द्यावें, हें शोभत नाहीं. स्नेह्यांनीं एकदां शेवटपर्यंत ऐकावें. मग खुशाल नांवें ठेवावींत. तोंवर त्यांच्या उतावीळपणास आम्ही अभिरुचि म्हणणार नाहीं.