ओढ्यातला गळ आणि उन्हाळ्यातला डोह



सुट्टीत पुण्याहून बोरीला आलेला आमचा पुतण्या मोबाईलवर एक चित्रफीत पाहत बसला होता. एक गोरा गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभा राहून लांब दोरी हवेत झुलवीत होता आणि दोरीच्या टोकाला पिसांची खोटी माशी होती. पोराने विचारले, "काका, आपल्या करपरा नदीत असा मासा लागेल का?"

आम्ही म्हणालो, "बाबा, त्या माशाचे नाव ट्राऊट. त्याला बर्फगार, वाहते पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागले की तो बेजार होतो. इंग्रजांनी तो 1900 सालच्या सुमारास काश्मीरच्या ओढ्यांत आणून सोडला, पुढे निलगिरीतही वाढविला. आपल्या परभणीचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. इथे तो चार दिवससुद्धा काढणार नाही."

पोराचा चेहरा उतरला. पण मासा परका असला तरी त्या गृहस्थाची अक्कल आपल्या ओढ्यालाही लागू पडते. ती अशी.

वाहत्या पाण्यात मासा धारेकडे तोंड करून उभा राहतो, कारण खाणे वरून वाहत येते. म्हणून आपण खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जावे. काठावर पाय आपटू नयेत आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. मासा भर धारेत उभा राहून दमत नाही. तो मोठ्या दगडाच्या आडोशाला, काठाच्या कपारीत किंवा खळाळ संपून डोह सुरू होतो तिथे थांबतो. गळ त्याच्या डोक्यावर न टाकता थोडा वरच्या अंगाला टाकावा आणि धारेबरोबर सैल वाहू द्यावा. दोरी ताणली गेली की आमिष धारेला आडवे ओढले जाते आणि माशाला संशय येतो.

सामान थोडेच लागते. बांबूची हलकी काठी, बारीक तंगूस आणि लहान गळ. दुकानात गळ मागताना ध्यानात ठेवावे की नंबर जितका मोठा तितका गळ लहान. तरंगण्यासाठी ज्वारीच्या ताटाचा सोललेला तुकडा उत्तम. मरळ, शिंगाडा, वाम यांच्यासाठी गांडूळ लावून गळ खाली सोडावा. वरच्या थरात फिरणाऱ्या बारीक चंदेरी माशांसाठी शिसे न लावता नाकतोडा पाण्यावर तरंगू द्यावा. खोटी माशी करून पाहायची असेल, तर कोंबड्याच्या मानेचे छोटे पीस गळाच्या दांडीला दोऱ्याने गुंडाळावे. साहेब लोकांची माशीही अशाच पिसांची असते. वेळ सकाळची किंवा दिवस कलतानाची धरावी.

हे सगळे सांगून आम्ही पोराला दुसऱ्या दिवशी पहाटे नदीवर नेले. मे महिन्यात धार कुठली? मधूनमधून डोह तेवढे उरलेले. त्यातला एक डोह पाहून आमचे पाय थांबले. रात्री कोणीतरी त्यात औषध टाकले होते. बोटाएवढी पिलेसुद्धा पांढरी पोटे वर करून तरंगत होती. मोठे मासे गोळा करून नेले होते, बाकीचे तसेच सोडून दिले होते. काठी न उघडताच आम्ही परत आलो.

आम्ही कारकून माणूस, हिशेबाच्या भाषेत सांगतो. उन्हाळ्यातला डोह हे नदीचे भांडवल आहे. पावसाळ्यात नदी वाहू लागली की याच डोहातले मासे वर चढतात, अंडी घालतात आणि वर्षभराचे मासे देतात. ते व्याज. रोहू, कटला हे मासे तर पुराच्या वाहत्या पाण्यातच अंडी देतात. डोहात औषध टाकणारा किंवा विजेची तार सोडणारा एका रात्रीच्या कालवणासाठी सगळे भांडवल बुडवितो. पाण्यात विष टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारणे 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तारेने तर मासे धरणारी माणसेही मेलेली आहेत. त्याच डोहावर आपली जनावरे पाणी पितात, हेही विसरू नये.

तेव्हा काही पथ्ये पाळू या. पहिल्या पावसातले चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन निघालेले असतात, त्यांना जाऊ द्यावे. मरळीभोवती केशरी पिलांचा घोळका दिसला तर तिला धरू नये. ती राखण करते म्हणून पिले जगतात. लहान मासा लागला तर हात ओला करून धरावा व सोडावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. तंगूसाचे तुकडे काठावर टाकू नयेत, त्यात पाखरांचे पाय अडकतात. धरणात व तलावात बहुधा मच्छीमार संस्थेचा ठेका असतो, तिथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. त्यावर कोणाची तरी चूल पेटते.

आईबहिणींना एक विनंती. स्वस्त मिळतात म्हणून कोणी रात्रीत आणलेले, कशाने मेले ते ठाऊक नसलेले मासे घेऊ नका. फवारणीच्या औषधाने मेलेला मासा लेकरांच्या पोटात जातो. आणि मुलांना एकटे नदीवर पाठवू नका. वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. वर पाऊस झाला तर इथे कोरडे आभाळ असतानाही लोंढा येतो. ढग गडगडले की काठी सोडून घर गाठावे.

पंचशील म्हणणाऱ्या घरात गळाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. आमच्या ताटात मासे असतात, ते आम्ही लपवीत नाही. परंतु ताटापुरता एक मासा आणि नासाडीसाठी हजार पिले, यातला फरक तरी आम्हाला कळला पाहिजे.

पुतण्या दिवाळीत पुन्हा येणार आहे. तोवर नदीला धार असेल. ज्वारीच्या ताटाचा तरंगा आम्ही करून ठेवला आहे. उरलेले डोह राखले गेले, तर त्याच्या गळाला काही लागेल.