गुंठे पडण्याआधी नकाशा



लागण, बेणे, खते, तोडणी हे या पानाचे नेहमीचे विषय. या अंकात आम्ही शहराच्या नियोजनाविषयी लिहीत आहोत. 'ऊसवाल्यांना शहराच्या आराखड्याशी काय करायचंय?' असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण शहर वाढते ते जमिनीवर आणि पाण्यावर, आणि त्या जमिनीचा सातबारा बहुधा आपल्यासारख्याच शेतकऱ्याच्या नावावर असतो.

काष्टीपुरते पाहा. दौंड-अहिल्यानगर रस्ता, रेल्वे स्टेशन, शनिवारचा जनावरांचा बाजार आणि जवळच कारखाना. ज्या गावाला एवढे सगळे आहे ते वाढणारच. ऊस नोंदीसाठी आमची माणसे बांधावर जातात तेव्हा रस्त्याकडेच्या एखाद्या गटात सऱ्यांऐवजी चुन्याच्या रेघा दिसतात. दोन गुंठे, तीन गुंठे, मध्ये जेमतेम बैलगाडी जाईल एवढा बोळ. प्लॉट विकणारा मोकळा होतो. मग घरे उठतात आणि त्यानंतर लोक विचारायला लागतात, गटार कुठे काढायची, पाणी कुठून आणायचे? आमचे म्हणणे एवढेच आहे की नकाशा आधी हवा, गुंठे मागून. उलटे झाले म्हणजे काय होते ते पाहायला लांब जायला नको. पुणे जवळच आहे.

पुण्याची विकास योजना १९८७ साली मंजूर झाली. जुन्या हद्दीची त्यापुढची योजना होती २००७ ते २०२७ या वीस वर्षांची. शासनाची मंजुरी तिला मिळाली २०१७ च्या जानेवारीत. म्हणजे वीसपैकी दहा वर्षे मंजुरीच्या आधीच सरली. आडसाली लागण जुलैत धरायची आणि बेणे पुढच्या वर्षी शोधायचे, तसलाच हा प्रकार. शहर काही कोणासाठी थांबत नाही. त्याच २०१७ साली ११ गावे महापालिकेत आली, २०२१ साली आणखी २३ आली. पुष्कळ ठिकाणी इमारती आधी झाल्या आणि रस्ते, ड्रेनेज मागून शोधत बसावे लागले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्यात माणसे गेली. ओढ्याची वाट आवळली की पाणी घरातून वाट काढते. आपल्याकडे चर बुजवला की पाणी शेजाऱ्याच्या उसात शिरते आणि जमीन चोपण होते. गणित एकच आहे.

कायदे नाहीत असे नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे. तरी तुकडे पडले, इतके पडले की झालेली घरे नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला. एकदा गुंठे पडले की त्यातून पुन्हा रस्ता काढणे म्हणजे उभ्या उसातून पाट काढण्यासारखे. ज्याच्या घरावरून रेघ जाते तो कोर्टात जातो.

नियोजन म्हटले की ते मुंबईच्या कचेरीतले काम, अशी आपली समजूत असते. आपल्या चळवळीचा इतिहास वेगळे सांगतो. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा कारखाना उभा करणारे डॉ. धनंजयराव गाडगीळ त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. याच गाडगीळांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ साली व दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबात माणसे किती, धंदा कोणता, मिळकत किती, हे आधी मोजून घ्यायचे आणि मग पुढचे ठरवायचे, ही त्यांची रीत. शहराला लागू पडणारी ही रीत गावालाही लागू आहे.

पण नियोजन कोण करतो यालाही फार महत्त्व आहे. या बाबतीत आपल्याच राज्यातली दोन उदाहरणे आहेत.

पहिले नवी मुंबईचे. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. शहर आखीव झाले यात शंका नाही. पण ज्यांची भातखाचरे आणि मिठागरे गेली त्यांना वाटा नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन झाले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्यानंतर आली.

दुसरे हडपसरच्या मगरपट्ट्याचे. तीही आपल्यासारखीच शेतकरी कुटुंबे. आज ना उद्या शहर आपल्या रानात येणार हे ओळखून सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली आणि कंपनी काढली. ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. रस्ते, बागा, सांडपाण्याची सोय आधी नकाशावर आली, मग २००० सालाच्या सुमारास बांधकाम सुरू झाले. बांध गेले पण मालकी राहिली. कारखान्याच्या भागधारकाला यातले मर्म उलगडून सांगायला नको. काष्टीचे हडपसर होणार नाही, तिथे पुण्याची मागणी दारात उभी होती, हे आम्ही जाणतो. घ्यायचे ते एकोप्याचे तत्त्व, इमारतींची उंची नव्हे.

आता पाणी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. त्यावरच पुण्याची तहान आणि हवेली, दौंड, इंदापूरची शेती. शहर वाढत गेले, धरणे तेवढीच राहिली, आणि पाळी लांबली ती शेतकऱ्याची. शहराचे वापरलेले पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून शेतीच्या कालव्यात सोडण्याची योजना पुढे झाली. मार्ग योग्य आहे, पण पाणी खरोखर शुद्ध होऊन आले तरच. घोड आणि कुकडीच्या पाण्यावरही गावे आणि वसाहती वाढत आहेत. ज्या आराखड्यात पाणी कुठून येणार आणि वापरून कुठे जाणार हे लिहिलेले नाही, त्याला आराखडा म्हणू नये.

तेव्हा काष्टीने काय करावे? पुढल्या वीस वर्षांचा विचार करून ग्रामसभेत बसावे. ओढे, नाले, चाऱ्या आणि चर नकाशावर दाखवून त्यांना हात लावायचा नाही असे ठरवावे. दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आणि समोरून येणारी एस.टी. एकमेकांना ओलांडतील एवढा रस्ता धरावा. बाजारतळ वाढीव जागेसह राखावा. सांडपाण्याची जागा आधी नक्की करावी. काळी, बारमाही बागायत कोणती आणि मुरमाड कोणती हे माती पाहून ठरवावे आणि वस्ती मुरमाडाकडे न्यावी. माती परीक्षणाचे काम असेल तर आमचा विभाग हजर आहे.

'पोरांना शेती नको, भाव मिळतोय तर विकू,' असे काही सभासद म्हणतात. विकणे हा मालकाचा हक्क आहे, आम्ही आड येणारे कोण? पण एकट्याने तीन गुंठे विकणारा फक्त भाव ठरवू शकतो, गावाचा रस्ता ठरवू शकत नाही. दहा गटवाले एकत्र बसले तर दोन्ही ठरवू शकतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांना मुदत मिळते. आरक्षण पडलेली जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही तर मालकाला नोटीस देता येते. हे हक्क कागदावर आहेत, वेळेवर वापरले तरच उपयोगी.

नव्या जातीचे बेणे सभासदाच्या शेतात पोचायला त्रिस्तरीय बेणेमळ्यात तीन वर्षे जातात, आणि ती आपण धीराने देतो. गावासाठी तेवढा धीर आत्ता धरावा. रस्त्याकडेचा बराचसा गट अजून अखंड आहे, आणि हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घालणे आपल्याच हातात आहे.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी